पाव्हण्याचं अंथरूण

रूपाच्या बोलण्यात कन्नड शिरलं की तिच्या आईचे, नागूबाईचे, कान टवकारायचे. हळ्ळीखेडच्या त्या घरात मराठी चुलीपाशी आणि कन्नड बाजारात, अशी वाटणीच होती. पण काही लपवायचं असलं की पोरगी लहानपणापासून कन्नडचा आडोसा घ्यायची. मराठीत बाप्या ‘आला’ आणि बाई ‘आली’, बोलणाऱ्याला पळवाट नाही. कन्नडात बाप्या येवो का बाई, ‘अवरु बर्तारे’ म्हटलं की मानही राहतो आणि झाकणही.

बेंगळूरहून फोन आला तो असाच.

“अव्वा, माझ्या ऑफिसातनं एकजण चार दिवस आपल्याकडं राहणार हायत. अवरु बर्तारे.”

“बाई का बाप्या?”

“माउली नाव हाय.”

“मी नाव इचारलं का?”

“आम्ही इंग्लिशमधी त्यांना ‘दे’ म्हणतो अव्वा. लई जण असले की म्हणत्यात, ते. एकाला बी चालतं. त्यांना तसंच आवडतं.”

एकटं येणार आणि लई जणांचं म्हणवून घेणार. नागूबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

रूपा दोन वर्षं घरी आली नव्हती. गेल्या खेपेला उदगीरची मंडळी तिला न विचारता पोरगी बघायला घरात आणून बसवली होती. पोरीने त्यांना चहा दिला, आतून पिशवी उचलली आणि सरळ हुमनाबादचा रस्ता धरला. तेव्हापासून सणवाराला फोनवर “बघते” एवढंच. आता हे माउली कोण? पोरीनं आपणच शोधलेलं स्थळ? बाप्या असेल तर लपवायचं कामून? आणि बाई असेल तर मग लपवण्यासारखं राहिलंच काय?

“मला एवढंच सांग,” तिचा नवरा मायाप्पा म्हणाला, “बाप्या असंल तर माझ्याकडं बैठकीत अंथरू, बाई असंल तर तुझ्याकडं आत.”

“ठावं असतं तर सांगितलं नसतं का?”

पाव्हणं आलं ते दुपारी. कापलेले केस, ढगळ सदरा, कानात बारीक बाळ्या. आवाज ना इकडचा ना तिकडचा.

“आम्ही माउली. हुमनाबादला बस चुकली आमची.”

नागूबाईने दारातून वाकून पाहिलं, मागे आणखी कोणी आहे का. कुत्रं सोडून कोणी नव्हतं.

अंथरूण पडवीत टाकलं. ना आत, ना बाहेर. दुसऱ्या दिवशी पाव्हण्याने आपलं धुणं आपणच धुतलं. नागूबाई तूर निवडायचं निमित्त काढून दोरीखाली बसली. दोन सदरे, दोन पायजमे, एक पंचा. दोरीनेही साक्ष दिली नाही.

माउलीचं काम म्हणाल तर फोनवरून इंग्रजी शिकवणाऱ्या धड्यांची वाक्यं रचायची, रूपासारखंच. माउली जवळ येऊन बसलं आणि तुरीतले खडे काढू लागलं.

“अव्वा, रानात खुरपायला कोण जातं?”

“आम्ही बाया.”

“आणि पेरायला?”

“हे जात्यात. मागनं मूठ सोडायला मी असतेच.”

“मग आमच्या धड्यातल्या शेतकऱ्याला काय म्हणावं? तो का ती?”

नागूबाईने सूप पाखडलं. “रान पिकलं का ते बघा. त्याला का ठावं कोण खुरपलं ते.”

माउलीला हसू फुटलं. नागूबाईला नाही. गोड बोलणाऱ्या पाव्हण्याची तिला जास्तच धास्ती वाटे.

तिसऱ्या दिवशी ती गोठ्यात शेण भरत होती. भिंतीपलीकडे माउलीचा फोन चालला होता, कन्नडात.

“अव्वा काही विचारत नाहीत गं रूपा. पण नजर हटत नाही त्यांची. दसऱ्याला घरी यायचं आत्ताच ठरवू नकोस. आणखी एक दिवस बघू दे.”

नागूबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. म्हणजे पाळत आपण ठेवत होतो, आणि पारख मात्र आपलीच चालली होती. पोरगी द्यायच्या आधी लोक घर बघायला माणूस पाठवतात. हिने स्वतःच्या आईचं घर बघायला पाठवला. राग आला. पण रागाच्या खाली दसरा होता, आणि राग चढला तर दसरा हातचा जाणार, हे तिला कळत होतं.

दुपारी माउली जेवायला बसलं आणि शेजारची शिवकन्या ताक मागायला आली. ताक नावाला. डोळे सगळे पाव्हण्यावर.

“कोण आलंय गं अक्का?”

“पाव्हणं आलंय.”

“ते दिसायलंय. पण बाई हाय का बाप्या?”

माउलीच्या हातातला घास तोंडापाशी थांबला. मायाप्पाने पाण्याचा तांब्या उगाच उचलला.

“शिवकन्या,” नागूबाई म्हणाली, “तुझ्या दारी आलेल्या पाव्हण्याला मी कधी सोलून बघितलं का?”

“तसं न्हाई गं, आपलं सहज...”

“सहज ताक ने. आंबट व्हायलंय.”

शिवकन्या गेली. माउलीचा घास पुढे सरकला. नागूबाईने न विचारता ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि वर ठेचा.

दिवेलागणीला तिने पडवीतलं अंथरूण गुंडाळलं आणि मधल्या खोलीत नेलं, रूपाच्या खाटेवर. दोन वर्षांत त्या खाटेवर वाळवणाखेरीज काही पडलं नव्हतं.

“म्हंजी कळलं का तुला?” मायाप्पाने हळूच विचारलं.

“न्हाई.”

“मग आत कसं?”

“खाट रिकामी हाय.”

माउली गेल्यावर आठवडाभरात रूपाचा फोन आला. आज मराठीत.

“अव्वा, दसऱ्याला यावं म्हणते.”

“घर पसंत पडलं म्हणायचं.”

पलीकडून बारीक आवाजात, “तुला कळलं व्हय?”

“गोठ्याची भिंत पातळ हाय.” नागूबाईने पदराने डोळ्याचा कोपरा टिपला, फोनवर ते दिसत नाही, हे बरं. “एकटी यायलीस का?”

रूपाने एकटी नाही म्हणावं तर पुढचं सांगावं लागणार.

“अवरु बी येणार असतील तर आधी सांग,” नागूबाई म्हणाली. “खाट एकच हाय. दुसरी विणून घ्यावी लागंल.”