रविवारी सुरू होणारा आठवडा

बाबा गेल्यावर दीडेक महिन्याने निनादचा फोन आला. इथे आखातात, मुसफ्फाच्या कंपनीत तो बाबांच्या हाताखाली होता. आता त्यांच्या जागेवर बसतो.

"ताई, चाळणीचं डॉक्युमेंटेशन कुठे आहे का? मॅनेजमेंट म्हणतंय, लिहिलेलं काही नसेल तर टूल खलास. बाहेरचं विकत घेणार."

चाळणी म्हणजे बाबांनी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली की तिला नंबर मिळतो आणि तिची नोंद जगभर प्रसिद्ध होते. त्या ढिगातून आपल्या कंपनीतल्या यंत्रांना लागू पडतील तेवढ्याच नोंदी चाळणी शोधून देते. बाबांनी ती कोणालाही वापरता येईल अशी खुली ठेवली होती. कशी वापरायची ते मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "मी आहे ना."

मॅन्युअल लिहिणं हाच माझा व्यवसाय. मी लिहिते म्हटलं. बाबांच्या हातचं आणि अजून चालू असलेलं असं तेवढंच उरलं होतं.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी, त्यांच्याच टेबलाशी बसून मी चाळणीची एकेक सोय चालवून पाहायचे आणि लिहायचे. रोजच्या यादीपाशी अडले. शुक्रवारी प्रसिद्ध झालेली नोंद यादीत यायची ती थेट रविवारी सकाळी. निनादला फोन लावला.

"तेच तर," तो म्हणाला. "मागे एक शुक्रवारची नोंद आम्हाला सोमवारी दिसली. नुकसान काही झालं नाही, पण बॉस भडकला. चाळणीलाच भोक पडलंय म्हणाला."

"चाळणीला भोकं असायचीच," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

मी प्रोग्रॅम उघडून वाचला. त्यात आठवडा रविवारी सुरू होत होता आणि गुरुवारी संपत होता. शुक्रवार, शनिवार सुट्टी; त्या दिवशी यादी निघायचीच नाही.

तो आठवडा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी शाळेत असताना इथे सगळ्यांचाच आठवडा तसा होता. भारतात रविवारी सगळी भावंडं जेवून लोळत पडायची, तेव्हा मी गणिताच्या तासाला बसलेली असायचे. आमचा रविवार म्हणजे शुक्रवार. सकाळी शारजाचा रस्ता रिकामा असायचा, म्हणून कुंदाआत्याकडे जायचं ते शुक्रवारीच. एरवी तासन्‌तास तुंबणाऱ्या त्या रस्त्यावर बाबा खिडकी खाली करून, एक हात बाहेर ठेवून गाडी चालवायचे. गाणं म्हणायचे ते फक्त तेव्हा. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा वास सुटला की समजायचं, सुट्टी संपली.

मग काही वर्षांपूर्वी सरकारने सुट्टी शनिवार-रविवारवर नेली. ऑफिसं, शाळा, सगळं बदललं. बाबांनी चाळणी बदलली नाही. एका ओळीचं काम होतं.

"मग इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी निनादला विचारलं.

"रविवारी सकाळी सरांचा मेसेज यायचा ना. गंभीर काही असलं तर फोनच. 'यल्ला निनाद, ऊठ, लॅपटॉप उघड.' मी मनातल्या मनात शिव्या घालायचो. सॉरी ताई. मला वाटायचं, राजन सरांना स्वस्थ बसवत नाही."

आई हात पुसत बाहेर आली. "शुक्रवारी ऑफिसला जाताना तोंड एवढंसं व्हायचं त्यांचं. आणि रविवारी कोणी न सांगता टेबलाशी. मी म्हणायचे, अहो, आज सुट्टी आहे. तर म्हणायचे, रविवारची कसली सुट्टी, विभा."

फोनवर निनादने ते ऐकलं होतं. "ताई, मी ती ओळ बदलू शकतो. पण तुम्हाला तशीच ठेवायची असेल तर ठेवू. रविवारी मी बघत जाईन. इन्शाल्ला."

इथे 'इन्शाल्ला' म्हटलेलं काम झालं तर झालं. त्या 'इन्शाल्ला'वर आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

ती ओळ तशीच राहावी असं मला फार वाटत होतं. पण ती ओळ चालायची ते टेबलाशी बाबा होते म्हणून.

"तू रविवारी झोप," मी म्हटलं. "ओळ बदल."

दुसऱ्या दिवशी त्याने ती बदलली. शुक्रवारची नोंद शुक्रवारीच आली. ते पाहून मी मॅन्युअल पुरं केलं आणि शेवटी जुन्या आवृत्तीबद्दलची सूचना घातली. ती लागतेच, कोणी ना कोणी जुनी आवृत्ती वापरत असतो. निनादने मसुदा वाचून फोन केला.

"सगळं मस्त आहे. बॉसही हो म्हणालाय. फक्त शेवटी 'एक माणूस' असं कशाला लिहिलंय? सरांचं नाव घाला ना."

"मॅन्युअलमध्ये नाव घालत नाहीत."

"काय लिहिलंयस?" आईने विचारलं. "वाच बघू."

मी वाचलं. "जुन्या आवृत्तीत शुक्रवार-शनिवारच्या नोंदी रविवारी सकाळी येतात. त्या एक माणूस घरी बसून वाचत असे आणि गंभीर असलेल्या फोन करून कळवत असे. तसं कोणी नसेल तर ही आवृत्ती वापरू नये."

आईने नीट ऐकून घेतलं.

"त्यात चहा राहिला," ती म्हणाली. "चहा झाल्याशिवाय बसायचे नाहीत."