रात्रीची आवराआवर

ऑफिसात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. कुणाचंही मशीन रखडलं की नाडी बघायला याला बोलावणं. हे नाव त्याला मनापासून आवडायचं, फक्त तो तसं कबूल करत नसे.

यंदा त्याच्याकडे आलेला रोगी अवाढव्य होता. कंपनीच्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ, आणि त्या ओळीत आजवर कुणी काय बदललं, हे सगळं ज्या भांडारात साठतं तो रेपो. त्यातलं कुणी कधी काही फेकलं नव्हतं. फुगून फुगून त्याची अशी गत झाली होती की सकाळी इतरांचे बदल उतरवून घ्यायला बसावं, तर कॉफी पिऊन, कप विसळून, दोघांची निंदानालस्ती करून आलं तरी स्क्रीन आपली ढिम्म.

वैद्यबुवाने नामी उपाय काढला. आवराआवर रात्री करायची! माणसं झोपली की प्रत्येकाच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम जागा होणार, नवे बदल आणून ठेवणार, साठलेल्या बदलांचे विखुरलेले तुकडे नीट बांधून ठेवणार, म्हणजे सकाळी मशीन रखडणार नाही. दिवसा अधूनमधून आपोआप होणारी आवराआवर मग त्याने बंदच करून टाकली, उगाच कामात लुडबुड नको म्हणून. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांची कामं झरझर सुरू झाली आणि वैद्यबुवाची छाती दोन बोटं फुगली.

काही महिन्यांनी विभागप्रमुख मॅडमनी मीटिंगमध्ये कुणाला कामाला किती वेळ लागतो त्याचा तक्ता दाखवला. सगळ्यांचा वेळ कमी झालेला, एकीचाच वाढलेला. प्रोग्रॅममधल्या सूचना आणि मदतीचा मजकूर लिहिणारी, घरून काम करणारी बाई. ऑफिसात तिला कासवताई म्हणायला लागले होते.

"सिस्टम सगळ्यांना सारखीच," मॅडम म्हणाल्या. "मग हिलाच का उशीर होतो? शुक्रवारी काँट्रॅक्ट संपतंय, ते वाढवायचं नाही. वैद्यबुवा, तुमच्या बाजूने काही?"

"माझ्या बाजूने सगळं ठीक आहे," तो म्हणाला. एका बाईची नोकरी जात होती आणि या गृहस्थाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. अशा वेळी हुशार माणसांचा भारी राग येतो.

तिच्याकडचं मशीन कंपनीचं होतं. परत घेण्याआधी ते तपासायला गुरुवारी दुपारी वैद्यबुवाच तिच्या घरी गेला. एकच खोली. भिंतीला लागून आईची कॉट, आणि कॉटच्या पायथ्याशी टेबल, इतकं जवळ की खुर्ची मागे सरकवली की कॉटला लागे. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मशीनला नावं ठेवू नका हं," कासवताई म्हणाली. "ते बिचारं चालतंय. मीच हळू झालेय. पूर्वी कसं पटापट उरकायचे! आता पहाटे उठून बसते, तरी हाती काही लागेपर्यंत दुपार होते. वय झालं, दुसरं काय."

वैद्यबुवाने खुर्ची ओढली आणि दोन-चार आज्ञा टाइप केल्या. आत सुट्या तुकड्यांचा नुसता उकिरडा साचला होता. आवराआवर शेवटची कधी झाली ते पाहिलं, तर एकदाही नाही.

"ताई, रात्री मशीन बंद करता का तुम्ही?"

"करतेच की. त्याचा पंखा केवढा घरघरतो. आईची झोप आधीच कावळ्याची."

रात्रीची आवराआवर या मशीनवर कधी झालीच नव्हती आणि दिवसाची त्यानेच बंद केली होती. इतरांची मशीनं रात्रभर चालू असतात म्हणून हिचंही असेल, हे तो न विचारता धरून चालला होता. तिथूनच त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, उशीर हिचा नाही, माझ्या दुरुस्तीचा आहे. हो, मीच म्हणालो होतो ठीक आहे म्हणून. न बघता म्हणालो."

मग त्याने हिच्या मशीनची आवराआवर हाताने सुरू केली आणि पुढची रोज भरदुपारी होईल अशी लावून दिली. बराच वेळ पंखा घरघरत राहिला. अखेर खुर्ची तिला देत तो म्हणाला, "आता उतरवून बघा बदल."

कासवताईने बटण दाबलं आणि सवयीने उठायला लागली. उठेपर्यंत काम झालेलं होतं. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. काँट्रॅक्ट वाढवलं होतं.

"म्हणजे मी हळू झाले नव्हते?" काँट्रॅक्टचं सोडून तिने हेच विचारलं.

"नाही, ताई."

"एकदाही?"

"नाही."

तिने पदराने डोळे टिपले आणि मग हसली. "आई, ऐकलंस का? उद्यापासून पहाटे उठायचं बंद."

म्हातारी कुशीवर वळली. "बरं झालं बाई. तू पहाटे चोरपावलांनी उठतेस ना, तेव्हापासून मी रोज जागीच असते. तुला वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून पडून राहायचे."