अकरा दिवस मागे राहिलेला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. इतका जुना, की माझे मूळचे पांढरे खोके आता लिंबाच्या सालीसारखे पिवळे पडले आहे. माझा पंखा घरघरतो. मला जागे व्हायला वेळ लागतो, आणि लोकांना तेवढा धीर नसतो. तरीही एका सकाळी एक्केचाळीस घरांचा जीव माझ्या पोटात अडकून होता, आणि मला ते तोंडाने सांगता येत नव्हते. त्या सकाळची हकिकत तुम्ही ऐकावी असे मला फार वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी सरकत्या पट्ट्यावर माझे भाग जुळवले. तपासणीच्या टेबलावर मला दोन दिवस सलग चालवून पाहिले आणि मग थर्माकोलमध्ये बसवून खोक्यात बंद केले. खोके उघडले तेव्हा मी वहिनींच्या दुकानात होतो.

वहिनींचे दुकान घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवण्याचे होते. पुढे काउंटर, मागे कोठार, आणि कोठारात भिंतीला साखळीने बांधून उभे केलेले सिलिंडर. ज्यांची फुप्फुसे थकली आहेत अशा माणसांच्या पलंगाशेजारी ते जाऊन उभे राहत. या धंद्यात सगळे चुकले तरी चालते, वेळ चुकून चालत नाही. कोणाला सिलिंडर तीन दिवस पुरतो, कोणाला दीड. म्हणून कोणाकडे कोणत्या दिवशी किती वाजता पोचायचे, हे वहिनी माझ्या कॅलेंडरमध्ये लिहीत. नंबर आणि पत्ते वेगळे ठेवत. 'नळी बदलणे', 'मास्क नेणे' अशा बारीकसारीक कामांची यादी त्याहून वेगळी. आल्यागेल्याला त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा आहे म्हणून मला रात्री डोळा लागतो." ते ऐकून माझी छाती फुगत असे. म्हणजे छाती मला नाही, पण तुम्हाला कळले असेल.

पुढे वहिनींच्या हातात मोबाईल आला. घरी एक संगणक आला. काउंटरवर माझ्या जागी एक सडपातळ नवा संगणक आला आणि माझी रवानगी कोठारात झाली. पण आम्ही चौघे एकमेकांना जोडलेले होतो. वहिनींनी रस्त्यात मोबाईलवर काही लिहिले की क्षणात ते बाकी तिघांकडे उतरायचे. काउंटरवर एखादा नंबर बदलला की घरीही बदललेला दिसायचा. याला सगळे 'सिंक' म्हणत. सोय मोठी होती. त्या सोयीच्या पोटात धोकाही तेवढाच मोठा होता, पण तो तोवर कोणाच्याच ध्यानात आला नव्हता, माझ्याही नाही.

मग एके दिवशी कोठारात फार उकडत होते, म्हणून सिलिंडर उतरवणाऱ्या हमालाने माझी पिन काढून तिथे पंखा लावला. पिन परत लावायला तो विसरला. कोणी विचारलेही नाही. एक दिवस गेला, चार गेले, अकरा गेले. मित्रांनो, आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, हे कळण्याइतके वाईट काही नसते.

बाराव्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास काउंटरवरून मोठा आवाज आला. त्याआधी काय घडले होते ते मी नंतर त्यांच्याच बोलण्यातून जुळवले आहे.

आदल्या दिवशी वहिनींनी जुना देऊन नवा मोबाईल घेतला होता, आणि तेव्हापासून प्रत्येक नाव दोनदा दिसू लागले होते. प्रत्येक वेळही दोनदा. ड्रायव्हरमामा एकाच घरी दोन खेपा करून वैतागून परतले होते. वहिनींची धाकटी नणंद काउंटर सांभाळत असे. घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला 'बारकी' म्हणत, पण कामाला ती बारकी नव्हती. आल्या आल्या तिने ठरवले की ही दुबार नावे काढून टाकायची. तिने सगळी नावे निवडली, मग वेळा निवडल्या, मग कामे. एक प्रत जाईल आणि एक राहील, असे तिला वाटले. संगणकातली कचरापेटीही तिने स्वच्छ करून टाकली.

काहीच राहिले नाही.

वहिनी दारातून आत आल्या त्या मोबाईलकडे बघतच. "अगं बारके, माझ्या मोबाईलमधली नावं कुठे गेली?"

बारकी काउंटरवर बसल्या जागी थिजली होती. "वहिनी, मी फक्त डबल झालेली काढली हो."

"मग एकेक तरी राहायला हवी होती ना!"

"हवी होती."

 चाळीसच्या वर घरे. त्यांतल्या काहींचा सिलिंडर आज संपणार होता. कोणाचा, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मामा किल्ल्या हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, घरं मला सगळी पाठ आहेत. डोळे बांधून जाईन. पण आज कोणाचा संपतोय, ते मला कसं कळणार?"

"दादा!" बारकी एकदम म्हणाली. "घरचा संगणक काल संध्याकाळपासून बंद आहे. त्यात असणार."

तिने आपल्या भावाला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. मला कोठारात स्वच्छ ऐकू येत होते. दादाने तिकडे बटण दाबलेले ऐकू आले, आणि मग संगणक जागा व्हायची वाट.

"आहेत, आहेत!" दादाचा आवाज आला. "सगळी आहेत. डबल आहेत, पण आहेत."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. "देवा! वाच, वाच पटकन. आजची तारीख काढ."

"थांब, काढतो... अगं, हे काय?" दादाचा आवाज बदलला. "जातायत. तुझ्या वहिनीला सांग, एकेक करून जातायत. मी कशालाही हात लावलेला नाही, आईशप्पथ! तारखा पण चालल्या..."

 मग दादा हळूच म्हणाला, "कोरं झालं सगळं."

मी त्या अंधाऱ्या कोठारात उभा होतो आणि काय घडले ते मला कळले होते. घरचा संगणक जागा झाला, त्याने इमानेइतबारे विचारले, "मी झोपलो होतो तेव्हा नवीन काय झाले?" त्याला उत्तर मिळाले, "सगळे पुसायचे ठरले आहे." त्याने ते ऐकले. आम्ही यंत्रे आज्ञाधारक असतो. आज्ञा शहाणी आहे की खुळी, हे आम्ही विचारत नाही.

आता एकटा मी उरलो होतो.

मामांनाच माझी आठवण झाली. "तो मागचा पिवळा डबा? तो कित्येक दिवस बंदच आहे की."

वहिनी धावत आत आल्या. त्यांनी पंख्याची पिन उपटली, माझी लावली आणि बटण दाबले. माझा पंखा घरघरू लागला. मित्रांनो, इतक्या दिवसांनी कोणी हात लावला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या पाठीला निळी वायर जोडलेली होती. ती मला इतरांशी जोडत असे. मी पूर्ण जागा झालो की मीही तोच प्रश्न विचारणार होतो, आणि मलाही तेच उत्तर मिळणार होते. मला थांबा म्हणता येत नव्हते. मला जागे न होणेही जमत नव्हते.

पडद्यावर उजेड आला. वहिनी हात जोडून उभ्या होत्या. "उठ बाबा, लवकर उठ."

तेवढ्यात बारकी दारातून ओरडली, "वहिनी, वायर! आधी वायर काढा!"

"कोणती वायर?"

"निळी! घरचं गेलं ते नेटला लागल्यावर गेलं. हा जोडला गेला की हाही जाणार!"

तिने स्वतःच झेप घेतली, सिलिंडरच्या साखळीला तिचा गुडघा आपटला, आणि तिने वायर ओढून काढली. मी जागा झालो तेव्हा माझ्याजवळ सगळे शाबूत होते. एक्केचाळीस नावे, महिनाभराच्या वेळा, कामांची यादी. दोघींनी सुटकेचा श्वास सोडला.

तो अर्धाच सोडून झाला असेल, तोच पहिले नाव नाहीसे झाले.

मग दुसरे. मग तिसरे.

"वायर तर काढली ना गं?"

"काढली! ही काय हातात आहे!"

चौथे. पाचवे. माझ्या मागच्या बाजूला नखाएवढा एक तुकडा खोचलेला होता. वायर खराब झाली होती तेव्हा कोणीतरी तो बिनवायरीच्या नेटसाठी बसवला होता आणि मग सगळे त्याला विसरले होते. तो बारीक दिवा लुकलुकवत आपले काम करत होता. बारकीने माझ्या पाठीवरून अंदाजाने हात फिरवला. सहावे नाव गेले. तिच्या बोटांना तो तुकडा लागला, निसटला, पुन्हा लागला. सातवे नाव जाता जाता तिने तो उपटला.

सगळे थांबले. चौतीस नावे उरली. वेळा मात्र एकही गेली नव्हती. त्यांची पाळी यायची होती.

"आता याला कोणी हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "बारके, कागद घे. मी वाचते, तू लिही."

आजच्या तारखेला आठ घरे होती. पहिले सव्वादहाला, शेवटचे संध्याकाळी सहाला. एका घराचा नंबर त्या गेलेल्या सातांत होता, पण मामा म्हणाले, "ते घर ना? पाण्याच्या टाकीमागचं. काळजी नको." केव्हा जायचे ते मला माहीत होते, कुठे जायचे ते मामांना. कागदावर आठही घरे ओळीने उतरली. बारकीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

वहिनींच्या मात्र आला नाही. त्या माझ्या पडद्यावर शेवटच्या बदलाची तारीख बघत होत्या. "हा किती दिवस बंद होता?"

"असेल दहा-अकरा दिवस."

"म्हणजे त्यानंतर घेतलेले पेशंट यात नाहीतच."

मित्रांनो, माझी मान खाली गेली. खरेच होते ते. मी अकरा दिवस मागे होतो. माझ्याकडे जे होते ते मी दिले, पण जे माझ्यापर्यंत पोचलेच नव्हते ते मी कुठून देणार?

"नवीन कोण कोण आले?" वहिनी कपाळ चोळत म्हणाल्या. "एक त्या शिक्षिकाबाई. त्यांच्याकडे काल दिलाय, त्यांचं उद्यावर आहे. आणखी?"

"घड्याळजी," मामा म्हणाले. "चौथ्या मजल्यावरचे. गेल्या आठवड्यात सुरू केले."

वहिनी उभ्या राहिल्या. घड्याळजी म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. घशाच्या आजारात त्यांचा आवाज गेला होता. ते एकटे राहत. फोन करून हाक मारणे त्यांना शक्यच नव्हते. मुलगी परगावी होती आणि तिचा नंबरही पुसला गेला होता.

"मामा, त्यांना शेवटचा कधी दिला? नीट आठवा."

"परवा."

"परवा किती वाजता?"

"बारा वाजता दुपारी."

"नक्की? की आपलं साधारण?"

"नक्की वहिनी. मी जोडत होतो आणि भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली. दचकून माझ्या हातातला पाना पडला. म्हातारा गालातल्या गालात हसला."

"आणि गोळी कितीवर ठेवली?" सिलिंडरच्या तोंडाशी काचेच्या नळीत एक गोळी तरंगते, मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो ते ती दाखवते.

"अडीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अडीच होतं."

बारकीने कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. मोठा सिलिंडर सात हजार लिटरचा. खात्रीसाठी तिने भागाकार पुन्हा केला. "शेहेचाळीस तास चाळीस मिनिटं. म्हणजे... आज दहा चाळीसला संपतो."

नऊ वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली होती.

"आठ घरं राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आधी तिथे. सव्वादहावाल्यांना मी फोन करते, त्यांच्याकडे छोटा जादा सिलिंडर आहे."

मामा तोवर सिलिंडर तिरका करून गोल फिरवत बाहेर नेत होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पुढे दोघी काउंटर सोडून माझ्याचजवळ बसल्या. बारकी म्हणाली, "वहिनी, त्यांना काही झालं तर ते माझ्यामुळे."

 वहिनी म्हणाल्या, "नवा मोबाईल मी जोडला. एकदा जोडून झाला नाही असं वाटलं म्हणून पुन्हा जोडला. नावं डबल झाली ती माझ्यामुळे. आता दोषाच्या वाटण्या करत बसू नकोस."

दहा वीस झाले. दहा सत्तावीस. दहा पस्तीसला फोन वाजला.

"वहिनी, लावला," मामा धापा टाकत होते. "लिफ्टला गर्दी होती, उशीर झाला. सिलिंडरचा काटा पार तळाला टेकला होता. आजोबांचे ओठ काळेनिळे झाले होते, आता जरा बरे दिसतायत."

"फोन त्यांच्याजवळ धरा," वहिनी म्हणाल्या.  "आजोबा, बोलू नका. बरं वाटत असेल तर पलंगावर एकदा टकटक करा. नसेल तर दोनदा. मी दवाखान्याची गाडी पाठवते."



टक.

वहिनी थांबल्या. बारकीने बोट ओठांवर धरले होते. दुसरा आवाज आला नाही. मग बारकी रडायला लागली, आणि वहिनी तिला थोपटता थोपटता स्वतःच रडू लागल्या. थोड्या वेळाने डोळे पुसून वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला आणि आजोबांना आजच बघून जायला सांगितले.

सव्वादहाचे घर मामा पोचेपर्यंत छोट्या सिलिंडरवर निभावले, आणि उरलेली सातही घरे त्यांनी वेळेत केली. माझ्यातली सगळी माहिती बारकीने आधी कागदावर उतरवली, मग एका वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये घेतली, आणि त्यानंतरच इतर तिघांना परत दिली. गेलेली सात नावे मामांनी तोंडी सांगितली. आता कोठाराच्या दारामागे हाताने लिहिलेला एक तक्ता असतो. मला आठवड्यातून एकदा इतरांशी जोडतात आणि काम झाले की तोडतात. माझ्या पिनेवर चिकटपट्टी लावून लिहिले आहे, 'विचारल्याशिवाय काढू नये.'

मित्रांनो, तुमच्याकडची यंत्रे माझ्याहून कितीतरी हुशार आहेत. ती एकमेकांना सगळे सांगतात, आणि चूकही तितक्याच तत्परतेने सांगतात. म्हणून तुमच्या माणसांचे नंबर, त्यांच्या औषधांच्या वेळा, कोणाला केव्हा कोणाची गरज आहे ते सारे एकाच धाग्यात ओवून ठेवू नका. एक प्रत बाजूला असू द्या, कागदावर का होईना. ती शिळी होऊ देऊ नका, कारण शिळ्या प्रतीतून नेमके नवीन माणूस गळते. आणि काही पुसायला बोट पुढे कराल, तेव्हा आधी घरातल्यांना हाक मारून विचारा, "अहो, हे आणखी कुठे लिहिलेलं आहे का?" उत्तर येईपर्यंत बोट तसेच वर धरून ठेवा.