साहेबांची बदली
ताईने माझा घात केला, आणि तोही माझ्याच हातचा चहा पिऊन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिची बाजू घ्यायची कुणाला हुक्की यायला नको.

माझा नवरा आणि मी पडद्यांचं काम करायचो. मी शिवायचे, तो शिडीवर चढून लावायचा. तो गेला आणि मी मशीनवर चादर टाकली. कापडाचे तागे भिंतीला टेकून तसेच राहिले. गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून थांबले. मी पलंगावर पडून असायचे, अंघोळसुद्धा ताई आली तरच.

ताई माझी थोरली बहीण. ध्यानाचे वर्ग घेते. माझ्यावर तिने सगळे प्रयोग करून पाहिले. मेणबत्तीच्या ज्योतीकडे बघायला लावलं, उशीखाली कसले कसले खडे ठेवले. शेवटी म्हणाली, "काही करू नकोस. नुसतं श्वासाकडे बघ."

"श्वास काय सिनेमा आहे, बघत बसायला?"

"चला, जीभ तरी जिवंत आहे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मग एका सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर पायपुसण्यावर एक थोराड तपकिरी कुत्रा बसलेला आणि ताई मागून धापा टाकत जिना चढत होती.

"हा कुणाचा गं?"

"मला काय ठाऊक? तुझ्या दारात बसलाय म्हणजे तुझ्याकडेच आला असणार. आपणहून."

मला ते खरं वाटलं. एवढी मोठी इमारत, एवढी दारं, आणि याने माझंच दार धरलं! नवरा गेल्यापासून मला कुणी निवडलं नव्हतं. तो आत आला, सगळ्या खोल्या अधिकाऱ्यासारख्या तपासून आला आणि पलंगाशेजारी बसला. मी त्याला साहेब म्हणायला लागले.

साहेब लाडीगोडीतला नव्हता. पण मला रडू फुटलं की पलंगावर चढायचा आणि माझ्या छातीवर आडवा पडायचा. त्या वजनाखाली हुंदका हळूहळू बसायचा. त्याला फिरवायचं म्हणून मी जिना उतरू लागले. त्याचे केस सगळीकडे, म्हणून झाडू हातात आला. एकदा तो ताग्यांमागे अडकला. त्याला सोडवताना मशीनवरची चादर सरकली आणि मी बसलेच. आधी एका पडद्याची खालची पट्टी दुमडली, मग चुण्या घातल्या. संध्याकाळपर्यंत पडदा झाला.

ताई दर रविवारी यायची. मी चहा टाकायचे आणि तिला सगळं सांगायचे. आज गिऱ्हाइकाला परत फोन केला. आज त्याची शिडी पुसली, तरी रडले नाही. आज हसले गं. दुसऱ्या कुणाशी मी असं बोलत नव्हते.

गेल्या रविवारी तिच्याबरोबर एक माणूस आला. त्याच्या हातात कातडी पट्टा होता. "हे कुत्र्यांना शिकवतात," ताई म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. त्या माणसाने जिभेने टक् केलं. साहेब उठला आणि त्याच्या डाव्या पायाशी जाऊन बसला.

माणूस साधा होता, नीट बोलला. दुःखात खचलेल्यांकडे ते कुत्रा ठेवतात. माणूस उभा राहिला की कुत्रा पुढच्या घरी जातो. "तुमच्या ताई दर आठवड्याला फोन करून कळवायच्या. तुम्ही कामाला लागलात, छान झालं."

"तू म्हणालीस तो आपणहून आला! म्हणजे बेल तूच वाजवलीस!"

"खरं सांगितलं असतं तर त्याला घरात घेतलं असतंस?" ताई म्हणाली.

नसतं घेतलं. म्हणून तर जास्त चीड आली.

"मी बरी झालेली नाही," असं म्हणून मी सरळ पलंगावर जाऊन पडले.

"मग तोच सांगेल," माणूस म्हणाला. त्याने साहेबाला माझ्याकडे जायला खुणावलं.

मी गळा काढला. चांगला मोठ्याने. साहेबाने मान वळवून पाहिलं, जांभई दिली आणि जमिनीवर पसरला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही म्हणतात. त्यात आता कुत्र्यासमोरचं रडणंही धरा.

"एक शिक्षक आहेत," तो माणूस म्हणाला. "बायको गेल्यापासून जेवत नाहीत."

"मग मी जेवायला लागले हा माझा गुन्हा का?"

त्याने पट्टा लावला. ते दाराबाहेर पडले आणि मला खरंच भरून आलं. आवाज अजून फुटलाही नव्हता, तोच साहेब गर्रकन वळला. पट्टा ताणला, गळ्यात रुतला, तो खोकला, तरी माझ्याकडेच ओढत राहिला. माझ्या रडण्याने त्याचा गळा आवळला जात होता. मी दातांवर दात दाबले आणि सगळं गिळलं. पार आतपर्यंत. साहेबाने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग टक् ऐकून तो जिना उतरून गेला.

ताई मागे थांबली. माझ्या शेजारी बसली, हात हातात घेतला.

"रड गं, मोकळी हो. माझ्याशी बोल."

"मी बरी आहे," मी म्हणाले.

"खरंच ना?"

"खरंच."

माझी सख्खी बहीण, श्वास बघायला शिकवणारी. तिला ते पटलं. तिचा चेहरा उजळला, तिने कप विसळून ठेवले आणि पुढच्या रविवारी येते म्हणाली. येऊ दे. चहा टाकीन, समोर बसेन, आणि पाऊस-उन्हाबद्दल बोलेन.