सुईणबाईंचा दगड

आम्ही ज्यू लोक कबरीवर फुलं वाहत नाही. आपल्या माणसाला भेटायला गेलं की तिथे एक लहानसा दगड ठेवायचा, येऊन गेल्याची खूण म्हणून. फूल चार दिवसांत सुकतं, दगड राहतो. पद्धत चांगलीच आहे, पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. पण फुलांचं कसं, वारा आला की उडून जातात आणि कोणाला किती होती ते पाहायला कोणी बसत नाही. दगड मात्र वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चुगल्या सांगतात. याच्यावर बावीस, त्याच्यावर एक, तिच्यावर एकही नाही.

मी पेशानं शिंपी. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले. डोळे अधू झाले तेव्हा दुकान बंद केलं, आणि आमच्या समाजाच्या चिटणीसांनी दफनभूमीची देखभाल माझ्या गळ्यात मारली. "मास्तर, काम काहीच नाही हो," म्हणाले. "सगळी शांत माणसं आहेत." चिटणीस स्वतः तिकडे कधी फिरकत नाहीत, म्हणून त्यांना असं वाटतं. असो. शिंप्याला एक खोड असते. कोणाच्या कोटाची एक बाही बोटभर लांब दिसली की हात शिवशिवतात. माझे तिथे पहिल्याच आठवड्यात शिवशिवायला लागले.

कारण दुसऱ्या रांगेतल्या सुईणबाई. समाजातली निम्मी माणसं त्यांच्या हातून जन्माला आलेली, मीसुद्धा. जिभेनं तिखट. मी पायाळू, म्हणून मला चाळिशी उलटली तरी भर बाजारात "ए पायाळू" अशी हाक मारायच्या. त्यांच्या कबरीवर दगडांचा हा ढीग. रस्त्यावरून जड गाडी गेली की चार-पाच घरंगळून खाली यायचे. आणि शेजारच्याच कबरीत घड्याळवाले काका, त्यांच्यावर एकच दगड. तो त्यांच्या बायकोचा. मावशी दर शुक्रवारी सकाळी यायच्या, तो दगड उचलायच्या, रुमालानं पुसायच्या आणि होता तिथे परत ठेवायच्या.

काका माणूस सज्जन, पण अगदी बेचव. डोळ्याला भिंग लावून दुकानात बसलेले. त्यांच्या तोंडून "झालंय, न्या" याशिवाय तिसरा शब्द मी ऐकला नाही. मूलबाळ नव्हतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत तिकडे दुसरं कुत्रं फिरकलं नव्हतं.

मग मी आपला दर गुरुवारी दुपारी, कोणी नसताना, सुईणबाईंच्या ढिगातले थोडे दगड उचलून गरजवंतांना वाटायला लागलो. चोरी म्हणा, मला चालेल. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, उलट सगळे खूश. चिटणीसांचे सासरे म्हणजे ज्याच्याशी भांडले नाहीत असा माणूस दाखवा. त्यांच्यावर मी तीन ठेवले, तर चिटणीस डोळे पुसत म्हणाले, "लोक विसरले नाहीत हो त्यांना." मी म्हटलं, विसरणं शक्यच नाही.

घड्याळवाल्या काकांना सावकाशीनं चार दिले. मावशी पहिल्याच दगडाला थबकल्या. "मास्तर, कोणीतरी येऊन गेलेलं दिसतंय." मी म्हटलं, "असेल." दुसऱ्या दगडानंतर त्यांची पाठ ताठ झाली. तिसऱ्यानंतर त्या अंदाज बांधायला लागल्या. तो चपटा मोठा आहे ना, तो बँकेतल्या साहेबांचा असणार, त्यांच्या घड्याळाला ह्यांनी तीन वेळा जीवदान दिलं होतं. मी मान डोलवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि एका शुक्रवारी मूठ उघडली. मी फाटकाजवळच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. मावशी वादळासारख्या आत आल्या आणि माझ्या कपाशेजारी एक दगड आपटला.

"वाचा."

"चष्मा…"

"मग लावा!"

गुळगुळीत पांढरा दगड. मी त्याची वरची बाजू तेवढी पाहिली होती. खालच्या बाजूला लाल नेलपॉलिशनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'तुमच्यामुळे मी या जगात आले.'

सुईणबाईंच्या कबरीवर हे वाक्य अगदी शोभून दिसलं असतं. घड्याळवाल्या काकांच्या कबरीवर त्याचा अर्थ एकच होत होता.

"कोण ही?" मावशींनी विचारलं.

"मला काय माहीत, मावशी?"

"पन्नास वर्षं संसार केला मी ह्यांच्याबरोबर. दुकानातून घरी यायला कधी पाच मिनिटं उशीर नाही. मला वाटायचं, काय नियमित माणूस! आता कळलं, एवढी वेळ का सांभाळत होते ते." मग त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि आवाज एकदम खाली आला. "म्हणजे मूल झालं नाही तो दोष माझ्यातच होता."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी भित्रा माणूस आहे.

"माझी जागा ह्यांच्या शेजारी राखून ठेवलीय ना? रद्द करा," त्या उठत म्हणाल्या. "मला तिकडे भिंतीशी टाका. चिटणीसांच्या सासऱ्याशेजारी टाकलंत तरी चालेल."

त्या सासऱ्याला ओळखणाऱ्या कोणालाही यावरून राग किती होता ते कळेल.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. "मेलेल्यांत वाटणी करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? मावशी, काळजी करू नका, काकांची दुसरी कोणी नव्हती. काकांचं तुमच्याशिवाय कोणीच नव्हतं. हे सांगू?"

तिची सुरी थांबली. ती म्हणाली, "अहो, दगड तुम्ही ठेवलात. उचलायलाही तुम्हीच जायला हवं."

मावशी आता रोज यायला लागल्या. कबरीसमोरच्या बाकावर, मांडीवर पिशवी, नजर फाटकाकडे. "येईलच पुन्हा," म्हणायच्या. "आली की झिंज्या उपटते." बरोबर थर्मास असायचा आणि दोन कप. एका कपातून स्वतः प्यायच्या, दुसरा पिशवीतच राहायचा. मी लांबून गवत काढत होतो. तिथलं गवत तसं आधीच काढून झालं होतं.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, मला ते बघवेना. बाकासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. ढीग, गुरुवार, शिंप्याची खोड, सगळं.

मावशी मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक दगड बोटानं दाखवायला सुरुवात केली.

"हा पांढरा?"

"सुईणबाईंचा."

"निळ्या रेघेचा?"

"तोही."

"आणि हा चपटा? बँकेतल्या साहेबांचा?"

"मावशी, सगळेच."

त्यांनी बोट मागे घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ ह्यांनीच दुरुस्त केलं होतं ना?"

"हो. अजून चालतंय. घरी लावलंय."

"मग तुमचा कुठला यातला?"

दोन वर्षं दुसऱ्यांचे दगड वाटत फिरलो, आणि खिशातून एक काढून स्वतःचा म्हणून ठेवावा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मावशींनी पिशवीतला दुसरा कप काढला, थर्मासमधला चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या. रोज तिच्यासाठी आणत होते."

"झिंज्या उपटणार होतात ना?"

"आधी उपटणार होते. मग चहा देणार होते." त्या फाटकाकडेच बघत होत्या. "नाक ह्यांच्यावर गेलंय का ते बघायचं होतं. एवढंच."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली. त्या बाईची तेरा वर्षं कोणी विचारपूस केली नाही, आणि मी तिला एक मुलगी देऊन सहा दिवसांत काढून घेतली होती.

मावशींनी मला रडू दिलं. मग नेलपॉलिशचा दगड रुमालानं पुसला, उठल्या आणि काकांच्या कबरीवर मधोमध ठेवला. अक्षरं वर.

"मावशी, तो सुईणबाईंचा आहे."

"त्यांना काय कमी आहेत?"

"अहो, पण लोक वाचतील! काकांच्या अब्रूचं काय?"

"तेरा वर्षं अब्रू उराशी धरून एकटे पडलेत," मावशी म्हणाल्या. "कोण आलं बघायला? जा, चिटणीसांना हळूच सांगा. आणि म्हणावं, कोणाला बोलू नका."

मी सांगितलं. कोणाला बोलू नका, हेही सांगितलं. चिटणीसांनी शपथ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आत बाहेर सात माणसं उभी होती.

सगळ्यांना एकाएकी आपापले आजोबा-पणजोबा आठवले होते. आजोबांच्या कबरीवर घाईघाईनं एक दगड, आणि मग सहज म्हणून दुसऱ्या रांगेकडे. वाकायचं, वाचायचं, "अगंबाई!" म्हणायचं. आता एखाद्याच्या कबरीशी उभं राहून तसंच रिकाम्या हातानं निघून जाणं बरं दिसत नाही. त्यामुळे प्रत्येकानं एकेक दगड ठेवला. चिटणीसांनी दोन ठेवले, कारण ते दोनदा वाचायला आले.

आणि नुसतं किती वेळ उभं राहणार? माणसं बोलायला लागली. कोणी म्हणालं, माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळ त्यांनीच वाचवलं होतं. कोणाला आठवलं, प्रार्थनाघरातलं मोठं घड्याळ तेच लावायचे, बाकावर चढून, दर आठवड्याला. त्यावर मावशी बाकावरून म्हणाल्या, "पाच मिनिटं पुढे लावायचे. कोणाला न सांगता. म्हणून तर तुम्ही सगळे वेळेवर येत होतात." चिटणीसांनी स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं. वीस वर्षं त्यांना आपण वक्तशीर आहोत असं वाटत होतं.

त्या मुलीची आई कोण, यावर अर्थात जोरात चर्चा झाली. संशय तिघींवर गेला. दोघी चिडल्या. तिसरी, निवृत्त परिचारिका, वय पंच्याहत्तर, काका जिवंत असताना त्यांच्याशी घड्याळाच्या पट्ट्यापलीकडे बोललेली नाही, पण तिनं "मी काही बोलणार नाही" एवढंच सांगितलं आणि पुढच्या शुक्रवारी केस रंगवून आली. मावशींनी तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं. दुःखी चेहरा करून म्हणाल्या, "काय करणार, माणूसच तसा होता." त्या वाक्यात इतका अभिमान मी कोणाच्या तोंडी ऐकला नव्हता.

आता काकांवर चाळीसच्या वर दगड आहेत. माझ्या घरचं घड्याळ ज्या भिंतीवर आहे, तिच्या बाहेर अंगणात पडलेला एक खडा मीही नेऊन ठेवला, सगळ्यांत खाली. गुरुवारचं वाटप चालूच आहे. हल्ली दोन ढिगांतून उचलता येतं.

काल संध्याकाळी मावशी पिशवी आवरून उठल्या. "मास्तर, माझी ती जागा रद्द नाही ना केलीत?"

"छे. तुमचं 'रद्द करा' कागदावर घेतलंच नव्हतं."

"बरं केलंत." थोडं चालून त्या थांबल्या. "माझ्यामागे काही कोणी यायचं नाही. गुरुवारी तुम्ही माझ्यावर दोन ठेवत जा."

"दोनच? दहा ठेवतो की."

"दोनच. जास्त झाले तर कोणाला खरं वाटणार नाही." फाटकाची कडी त्यांनी स्वतःच काढली. "आणि त्यातला एक तुमचा असू द्या."