माझ्यावरचा लाल रंग

मी बाळाच्या दंडाला गुंडाळायची पट्टी बोलतेय. असेन जेमतेम वीत-दीड वीत लांब, पण अंगावर तीन रंग आहेत. हिरवा, पिवळा आणि लाल. बाळाच्या दंडाभोवती मला वेढायचं, टोक खाचेतून ओढायचं आणि माझ्यातल्याच छोट्या खिडकीत कुठला रंग दिसतो ते बघायचं. हिरवा दिसला की हसत घरी जा. पिवळा दिसला तर जपा. लाल म्हणजे बाळ फार अशक्त, तडक मोठ्या इस्पितळात. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही माझं बोलणं कळायचं.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई मला खिशात पेनाशेजारी ठेवायच्या. लाल दिसला की आईवर ओरडायच्या, "रडतेस काय? ऊठ आधी, गाडीत बस!" लालातली किती बाळं मी पुढे हिरव्यात आलेली पाहिली! तेव्हा जन्माचं सार्थक वाटायचं.

मग निवडणूक जवळ आली. नगराध्यक्षांनी एक जाहिरातवाले साहेब आणले. साबण विकून नावारूपाला आलेले. त्यांनी दवाखान्याची पाटी उतरवून 'हसरं बाळ केंद्र' अशी लावली. भिंतींना अध्यक्षांच्या पोस्टरचा जांभळा रंग दिला आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"यापुढे पेशंट म्हणायचं नाही, ग्राहक म्हणायचं. अशक्त हा शब्द विसरा. 'वाढीच्या वाटेवर' म्हणा. आपण विश्वास विकतोय."

झाडलोट करणाऱ्या मावशींनी विचारलं, "साहेब, ग्राहकाला उलटी झाली तर पुसायची ना? का तीपण विकायची?"

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी टेबलावरून मला उचललं. "हा लाल कशाला? लोक घाबरतात. आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही."

थोड्याच दिवसांत नव्या पट्ट्या आल्या. सबंध जांभळ्या, आकडासुद्धा नाही. कितीही ओढा, खिडकीत हसरा चेहराच यायचा. माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. खण नीट लागत नव्हता, त्या फटीतून मला दिसायचं.

एक दिवस एक तरुण आई लेकीला घेऊन आली. पहिलटकरीण. "बाई, ही दूध ओढत नाही हो. पहिल्यासारखी रडतही नाही. सासूबाई म्हणतात, तू उगीच जीव टांगणीला लावतेस. तुम्ही मोजून सांगा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल."

नर्सबाईंनी नवी पट्टी लावली. हसरा चेहरा आला. पण बोटांना दंडाचं हाड लागलंच होतं. त्यांचा हात खणाकडे वळला.

तेवढ्यात मागून साहेब म्हणाले, "काय मोठे, बोलके डोळे आहेत! हिचा फोटो घ्या."

डोळे मोठे नव्हते हो. गाल बसले होते.

नर्सबाईंचा हात मागे गेला. नोकरी होती, घरी खाणारी तोंडं होती. त्या म्हणाल्या, "वाढीच्या वाटेवर आहे गं."

"खरंच? म्हणजे मीच वेडी!" आई हसली, लेकीचा पापा घेतला आणि गेली. मी खणातून जीव तोडून ओरडत होते. पट्टीचं कोण ऐकतं?

काही दिवसांनी ती आई लेकीला घेऊन धावत आली ती अनवाणीच. नर्सबाईंनी कुणाकडेही न बघता खण ओढला आणि मला त्या दंडावर वेढलं. लाल. लालाच्याही पार टोकाला. घाईत खाचेपाशी मी दुमडले, तिथे घडी पडली. गाडी आली, पण इस्पितळ गाठण्याआधीच पोर गेली.

तोवर फाटकावर तिचा मोठा फोटो लागला होता. खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक बाळ झकास'.

आई आली. "तेवढा फोटो उतरवा ना. येता-जाता ती माझ्याकडे बघते."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "ताई, लोकांना तो चेहरा आवडलाय. निवडणुकीपर्यंत राहू द्या."

नर्सबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं.

आता मी तिच्या ट्रंकेत असते, एका टोपड्यात. दुपारी घर निजलं की ती मला काढते, त्या घडीपर्यंत ओढते आणि लेकीच्या दंडाएवढ्या त्या एवढ्याशा गोलाकडे बघत बसते. निवडणूक झाली, अध्यक्ष निवडून आले, फोटो तसाच आहे. ती आता लांबच्या रस्त्याने बाजारात जाते.

तुम्हाला विकायचं ते विका बाबांनो. पण एखादी आई पोर पुढे करून विचारेल, तेव्हा तिला खरं सांगा. माझा लाल रंग वाईट नव्हता. तो तिला हाक मारत होता.