मैत्रिणीसाठी विचारायला

अंधेरीच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून चेतनाने कानातल्या कुड्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. साडी ती घरूनच बदलून आली होती. गेलेल्या आईची, जांभळी, पदराजवळ विरलेली. बाबांच्या आजारपणात तीच साडी त्यांच्या पलंगावर चादरीखाली घातलेली असायची. फुकट वकील मागायला जायचं तर आपण तसं दिसायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तहसीलदाराकडचा उत्पन्नाचा दाखलाही तिने रांगेत उभं राहून आणला होता. खाजगी अभ्यासिकेतल्या ग्रंथपालाचा पगार किती, हे त्या दाखल्यावर वाचताना तिला स्वतःचंच वाईट वाटलं होतं.

खरं तर या जागेचा पत्ता चाळीतल्या लोकांना तीच देत आली होती. मरोळच्या त्यांच्या चाळीत कोणाचं काही अडलं की लोक आधी बाबांकडे यायचे. बाबांचा हात थरथरायला लागला तसे तिच्याकडे येऊ लागले. नवऱ्याने टाकलेली, मालकाने पगार बुडवलेला, कोणी कोणी. चेतना अर्ज लिहून द्यायची, पत्ता सांगायची आणि वर म्हणायची, "लाज कसली त्यात? कायद्याने दिलंय. भीक नाही मागत आपण." बाबा पलंगावरून मान डोलवायचे.

बाबांना जाऊन अजून महिना व्हायचा होता. चाळ पडून तिथे इमारत होणार होती आणि खोलीच्या कागदांवर बाबांच्या जागी कोणाचं तरी नाव लागायला हवं होतं. धाकटा भाऊ सम्यक बदलापूरला राहायचा. बाबांच्या अंत्यविधीनंतर दोनच दिवसांनी तो म्हणाला होता, "ताई, हक्कसोड करून टाकूया. एकाच्या नावावर असलं की बिल्डरकडे झंझट नाही. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमणारच आहेत, तेव्हाच सही करून टाक." आपल्यात बहिणी अशीच सही करतात. भाऊ साडी देतो, पाहुणे "बहिणीचं मन मोठं" म्हणतात आणि जेवायला बसतात. आत्याने बाबांसाठी अशीच सही केली होती. चेतनाने तेव्हा मान हलवली होती. पण लग्न मोडून ती परत आली ती याच खोलीत, बाबांचं सगळं केलं ते याच खोलीत, आणि हे दार आपलं राहणार की भावाच्या मर्जीवर उघडणार, हा विचार काही केल्या तिचा पिच्छा सोडत नव्हता. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "दोघांचंच आहे सगळं. त्यात लिहायचं काय?"

विधी सेवेची, म्हणजे फुकट कायदेशीर मदतीची खोली जिन्याखाली होती. आत पाऊल टाकलं आणि बाकावरून हाक आली.

"अगं चेतना! तू इथे?"

चाळीतली जया. पोटगीच्या तारखेला आली होती. अंगावर मोरपिशी साडी, केसांत गजरा.

"कोणाला घेऊन आलीस?" जयाने विचारलं. मग तिची नजर चेतनाच्या कानांवर गेली, तिथून साडीवर. "आणि हे काय गं? कान उघडे? कोणी ओढून नेल्या की काय?"

"घाईत राहिल्या."

"घाईत! मला काय म्हणाली होतीस तू? चांगली साडी नेस, वकिलीणबाईंसमोर ताठ बस. मी बघ, दर तारखेला लग्नाला आल्यासारखी येते." जया मोठ्याने हसली. बाकावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. चेतनाने पदर पुढे ओढला, तर विरलेला भागच नेमका वर आला.

तेवढ्यात आतून तिला बोलावणं आलं. टेबलामागे बसलेली वकील तरुण होती. पाटीवर नाव होतं, अक्षता. तिने कागद पुढे ओढला. "बोला ताई."

चेतनाने दाखला टेबलावर ठेवला.

"हा कशाला आणलात? बायकांना उत्पन्नाची अट नसते. बाई आहात, एवढं पुरे. काय प्रश्न आहे?"

चेतनाचे कान तापले. दाखल्यासाठी मारलेल्या खेपा आणि दुकानाच्या आडोशाला उभं राहून केलेलं सोंग, दोन्ही एकदमच तिच्या डोळ्यांसमोर आलं. दाखला तिने परत उचलला आणि मांडीवर ठेवला. ज्यांना ती बेधडक इथे पाठवायची, ते या खुर्चीत बसून आपल्याच माणसाचं नाव कसं घेत असतील, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मी एका मैत्रिणीसाठी विचारायला आलेय," ती म्हणाली.

अक्षताने पेन खाली ठेवलं. "बरं. काय झालंय मैत्रिणीचं?"

चेतनाने सांगितलं. भाऊ, खोली, हक्कसोड, सगळं. 'तिचा भाऊ वाईट नाही' हे तिने तीनदा सांगितलं.

"भाऊ वाईट असायलाच हवा असं नाही," अक्षता म्हणाली. "बाबांच्या मागे मुलाचा जेवढा हक्क, तेवढाच मुलीचा. तिला मनापासून सोडायचा असेल तर खुशाल सोडू दे. पण सही करून नोंदणी झाली, की मग रडत आली तरी फारसं काही करता येत नाही. नको असेल तर आधी आम्ही भावाला पत्र पाठवून बोलावतो. दोघांना समोरासमोर बसवतो. बरेचदा तेवढ्यावर मिटतं."

"फी?"

"नाही. फक्त अर्ज तिने स्वतः द्यायला हवा. मैत्रिणीला पाठवा."

बाहेर आल्यावर जयाने विचारलं, "झालं काम?" चेतना "हो" म्हणाली आणि चालायला लागली. कुड्या तिने मरोळच्या स्टॉपवर उतरल्यावर घातल्या.

रविवारी खोलीतच पुण्यानुमोदन झालं. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बाबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या, चार जण बाबांबद्दल बोलले. पानं मांडायच्या आधी भावकीतल्या दशरथकाकांनी पिशवीतून साडी काढून फोटोपाशी ठेवली आणि तिच्यावर स्टॅम्पपेपर ठेवला.

"ये गं चेतना. बहिणीचं मन मोठं असतं. एक सही कर, मग जेवायला बसू. सगळे खोळंबलेत."

सम्यकने पेन पुढे केलं. त्या गर्दीत तो फार लहान दिसत होता. दारापाशी बायकांमध्ये जया बसली होती. ती चेतनाकडे बघत होती.

"मी सही करणार नाही," चेतना म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की काकांनी "काय?" विचारलं. तिला परत म्हणावं लागलं.

"नाही म्हणजे? आणि मग काय करणार आहेस?" काका म्हणाले. "कोर्टात जाणार? वकील लावायला पैसे आहेत?"

"तिथे फुकट मिळतो."

मागून कोणीतरी हसलं. "फुकटचा वकील! सीतारामच्या पोरीवर ही पाळी?" ज्या घरात बाबांनी लोकांना हेच सांगितलं, त्याच घरात, त्यांच्या फोटोसमोर हे ऐकताना चेतनाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तिने मान वर केली नाही. पण पेनही घेतलं नाही.

सम्यक तिला मोरीपाशी घेऊन गेला. "ताई, मी काय तुला रस्त्यावर काढणार होतो? मला सांगायचं ना. परक्यांकडे गेलीस?"

"तू काढणार नाहीस रे."

"मग?"

"तू काढत नाहीस म्हणून मी राहायचं. तसं नकोय मला."

त्याने मोरीतला नळ उगाच घट्ट पिळला. मग म्हणाला, "लोकांसमोर माझी इज्जत काढलीस," आणि पंगतीत जाऊन बसला. त्याने भाताला हात लावला नाही. चेतनाने सगळ्यांना वाढलं, त्यालाही वाढलं. साडी फोटोपाशीच पडून राहिली. जाताना दशरथकाका ती परत पिशवीत घालून घेऊन गेले.

सोमवारी ती कोर्टात गेली. निळी साडी, कानात कुड्या. लाज कमी झाली नव्हती, फक्त ती आता कपड्यांत लपवता येण्यासारखी राहिली नव्हती.

अक्षताने तिच्याकडे बघितलं. "मैत्रीण आली?"

"आली," चेतना म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

अर्ज तिला तोंडपाठ होता. नाव, पत्ता, वय, कारण. दुसऱ्यांसाठी कितीदा लिहिला होता. 'समोरचा पक्ष' या ओळीवर येऊन तिचा हात थांबला.

"इथे दुसरं काही लिहिता येणार नाही का?" तिने विचारलं.

"पत्र कोणाच्या नावाने पाठवायचं, ते कळायला हवं ना ताई."

सम्यक शाळेत असताना त्याच्या वह्यांना कव्हरं घालून वर नाव लिहायचं काम चेतनाचं असायचं. अक्षर चुकलं की तो रडायचा. वळण नीट लागेपर्यंत ती दुसरं लेबल लावायची, तिसरं लावायची.

तिने पेन टेकवलं आणि तसंच, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं: सम्यक सीताराम वाकोडे. पुढे कंसात, कोणी विचारलं नव्हतं तरी, 'भाऊ' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.